हात आत असताना

"ही माझी आई नाही."

थोरलीनं हे इतक्या मोठ्यानं म्हटलं, की समोरच्या पंक्चरवाल्यानं टायर खाली ठेवून दुकानाकडे पाहिलं. शनिवारची दुपार होती. फोटोच्या दुकानात काउंटरवर मोठी चौकट आडवी ठेवली होती. अलीकडे थोरली, पलीकडे फोटोवाला, आणि मध्ये काचेखाली तीन आठवड्यांपूर्वी गेलेली आई.

"अहो ताई, फोटो तुमच्याच भावानं आणून दिला," फोटोवाला म्हणाला. "बघा ना, नाक तेच, हनुवटी तीच. मी फक्त जरा उजळ केलंय."

"नाक तिचंच आहे. हात कुणाचा लावलात?"

हात कुणाचा होता ते त्या बिचाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटरमध्ये सापडला, बरा दिसला, लावला.

मूळ फोटो दोन वर्षांपूर्वीचा होता. आई खुर्चीत बसलेली, दोन्ही हात मांडीवर, डावी बाही कोपराच्या वर दुमडलेली. कोपरापासून मनगटापर्यंत तो हात भाजलेला होता. खूप जुना भाजलेला, कातडी चकचकीत आणि दुधावरच्या सायीसारखी सुरकुतलेली. नव्या फोटोत बाही मनगटापर्यंत उतरली होती आणि तिच्यातून जो पंजा बाहेर आला होता, तो पंचविशीतल्या नवरीला शोभला असता. आई चौऱ्याऐंशी वर्षांची होऊन गेली होती.

"भाऊ म्हणाले, तो डाग काढून टाका," फोटोवाला हळूच म्हणाला.

"डाग कपड्यावर असतो. आणि कपड्यांवरचे डाग काढण्यात माझ्या आईची अख्खी हयात गेली. कुठला काढायचा आणि कुठला ठेवायचा, ते तिला तुमच्यापेक्षा जास्त कळत होतं. पहिल्यासारखा करून द्या."

"सोमवारी देतो."

"कार्यक्रम उद्या चार वाजता आहे."

"ताई, मशीनवाला पोरगा गावाला गेलाय. गळा कापलात तरी सोमवारच."

गळा कापण्याचा विचार थोरलीच्या मनात येऊन गेला हे खोटं नाही. पण ती साठ वर्षांची, गुडघ्यांनी त्रासलेली बाई होती आणि तिला अजून एक भांडण करायचं होतं. तिनं मूळ फोटो मागून घेतला, पिशवीत घातला आणि भावाच्या शाळेची वाट धरली.

धाकटा शाळेचा हेडमास्तर. सगळं गाव, घर धरून, त्याला हेडमास्तरच म्हणायचं. शाळेच्या सभागृहात तो स्वतः खुर्च्यांच्या रांगा लावत होता. पुढच्या भिंतीवरच्या फळ्यावर त्यानं रंगीत खडूनं, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'एका प्रेमळ आईची आणि आजीची आठवण'. खाली दोन फुलं काढली होती. फुलं काढण्यापासून त्याला अजून कुणी थांबवलेलं नाही.

"बघितलास फोटो?" त्यानं हसतमुखानं विचारलं.

"बघितला. आई कुठाय त्यात?"

हेडमास्तरनं हातातली खुर्ची खाली ठेवली. त्याला बहिणीचा हा सूर लहानपणापासून पाठ होता. "ताई, ऐक. उद्या चार माणसं येणार. त्यांनी तिचा चेहरा बघावा, हात नव्हे. पोरं मला शाळेत काय म्हणायची आठवतंय ना? भाजकीचा. पाचवीपर्यंत भाजकीचा. जन्मभर तो हात तिनं वागवला. आता तरी बरा असू दे की गं."

भांडायला आलेल्या माणसासमोर कुणी असं मऊ बोललं की पंचाईत होते. तो हात त्यानं लाजेपोटी पुसला असता तर तिनं त्याला सरळ फाडून खाल्लं असतं. पण त्यानं तो मायेपोटी पुसला होता, आणि मायेनं केलेलं वाटोळं निस्तरायला जास्त कठीण.

"आणि बोलणार कोण आहे?" तिनं विचारलं.

"मी थोडं बोलणार. लिहून काढलंय. सोशिक होती, कुणाला उलट बोलली नाही, मुलांसाठी झिजली, असं. आणि पाहुणे म्हणून लाँड्रीचे मॅनेजरसाहेब येतायत. सत्त्याऐंशी वय आहे, तरी हो म्हणाले."

थोरली जवळच्या खुर्चीत बसली.

"त्याला बोलावलंस?"

"त्याला काय गं! अपघातानंतर त्यांनी आईला परत कामावर घेतलं म्हणून आपण जेवलो. एवढी जाण नको?"

उठताना तिनं खिडकी लावायला घेतली, तेव्हा खिडकीशी उभ्या हेडमास्तरच्या तोंडून सवयीनं निघालं, "सुटले." मग तिनं खिडकी लावली.

हे त्यांच्या घराचं वेड होतं. त्या घरात दार, खिडकी, कपाट, पेटीचं झाकण, काहीही लावायच्या आधी जवळच्या माणसानं 'सुटले' म्हणायचं, म्हणजे माझे हात सुटले, बाजूला आहेत, लाव आता. ते ऐकल्याशिवाय लावायचं नाही. आईनं मुलांना लावलेली सवय नातवंडांनीही उचलली. हेडमास्तरची मुलगी, चिमणी, आता सव्वीस वर्षांची होती. तिचा होणारा नवरा पहिल्यांदा घरी आला तेव्हा अर्धा तास दारात उभा राहिला, कारण सासरा दार लावत नव्हता आणि जावयाला शब्द माहीत नव्हता. शाळेतसुद्धा हेडमास्तर फाटक लावताना शंभर पोरांकडून 'सुटले' म्हणवून घ्यायचा. हे कुठून आलं असं कुणी विचारलं तर तो म्हणे, आमच्या आईची शिस्त.

कुठून आलं ते थोरलीला माहीत होतं. पूर्ण माहीत असलेलं जिवंत माणूस जगात एकच उरलं होतं, ती थोरली.

धाकटा पोटात असताना वडील गेले. आई लाँड्रीत लागली. लाँड्री मोठी, तीन इस्पितळांच्या चादरी तिथं यायच्या. आईचं काम वाफेच्या प्रेसवर. खाली गादी, वर लोखंडी झाकण, झाकणात वाफ. एक बाई गादीवर चादर पसरायची, तळहातानं दोनदा साफ करायची, हात मागे घ्यायची आणि म्हणायची, 'सुटले'. मग पलीकडची बाई पायानं पेडल दाबायची आणि झाकण खाली यायचं. पेडलवरून पाय काढला की झाकण वर. दिवसभर सगळ्या हॉलमध्ये हा एकच शब्द चालायचा. आईची जोडीदारीण होती तोफमावशी. आवाज तसा म्हणून नाव तसं.

त्या दिवशी शाळेचं छत गळत होतं म्हणून थोरलीला सुट्टी मिळाली. ती सात वर्षांची. आई तिला सोबत घेऊन गेली, गाठोड्यांच्या ढिगाजवळ बसवलं आणि अभ्र्यांच्या घड्या घालायला दिल्या. नेमकी तोफमावशी तापानं आली नव्हती. आईनं मुकादमाकडे दुसरी बाई मागितली. मिळाली नाही. चादरी दुपारपर्यंत हव्या होत्या. दोन्हीकडे धावून धावून आई थकली, आणि मग तिनं पोरीला हाक मारली. "ये. मी 'सुटले' म्हटलं की पाय दाबायचा. मग उचलायचा. आधी नाही."

पोरगी हरखली. आईनं तिला मोठ्या बाईचं काम दिलं होतं. पसर, एक हात, दोन हात, सुटले, दाब. पन्नास चादरी तिनं एकही चूक न करता दाबल्या. तिच्या पायाला ताल लागला. आणि एकावन्नाव्या चादरीला घडी पडली. आईनं पसरली, एक हात फिरवला, दोन हात फिरवले, आणि 'सुटले' म्हणायच्या जागी तिसऱ्यांदा हात आत घातला. ताल मात्र पुढं गेला. पोरीनं पाय दाबला.

झाकण खाली आलं तेव्हा आई ओरडली नाही. पोरगीच दगडासारखी झाली होती, पाय पेडलवर तसाच दाबलेला. आई तिच्याकडे बघत अगदी हळू म्हणाली, "बाळ, पाय उचल."

तिनं उचलला. झाकण वर गेलं. आई म्हणाली, "आता गाठोड्यांमागे जाऊन बस. मी बोलवेपर्यंत यायचं नाही." आणि पोरगी लपल्यावरच ती ओरडली. तोवर तिनं दम धरला होता. सगळा हॉल धावत आला तेव्हा प्रेसजवळ आई एकटीच होती.

पुढचं सगळ्यांना माहीत होतं, पण ज्याचं त्याला हवं तेवढं.

पेडल कुणी दाबला, हा एकच प्रश्न मॅनेजरनं लावून धरला. त्यानं तीन महिने दुसरं काही विचारलंच नाही. आईनं स्वतः दाबला म्हटलं तर निष्काळजी म्हणून तिची चूक. पोरीनं दाबला म्हटलं तर पोर कामावर आणलं म्हणून तिचीच चूक. विहीर आणि आड, दोन्ही मॅनेजरनंच खणलेले. आईनं दोन्हींत उडी घेतली नाही. हाताची पट्टी सुटली तशी ती रोज सकाळी पाळीच्या वेळी लाँड्रीच्या फाटकात जाऊन उभी राहायची. डावी बाही वर दुमडून. मॅनेजर आला की एवढंच म्हणायची: "साहेब, पेडल कुणी दाबला ते सोडा. माझा हात आत असताना झाकण खाली आलंच कसं, ते सांगा."

मॅनेजर आधी रागावला, मग त्यानं नियम सांगितले, मग कामावरून काढायची भीती घातली. शेवटी कागद पुढे केला: माझी चूक झाली असं लिहून दे, घड्या घालायचं बसून काम देतो. आईनं कागद वाचला, त्याची नीट चौकोनी घडी घातली आणि त्याच्या खिशात परत ठेवली. घडी घालायचं काम तिला छान यायचं.

मग एका सकाळी हॉलमधल्या बायका प्रेसवर उभ्या राहिल्या. चादरी पसरल्या. हात फिरवले. "सुटले," म्हणाल्या. आणि पलीकडच्या एकीनंही पाय दाबला नाही. सगळ्यांच्या डाव्या बाह्या वर. काम बंद आहे असं कुणी म्हटलं नाही, कुणी घोषणा दिली नाही. 'सुटले' म्हणायचं आणि उभं राहायचं. तोफमावशी तर दर मिनिटाला म्हणायची, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं. दोन दिवसांत इस्पितळांचे फोन सुरू झाले. तिसऱ्या दिवशी मिस्त्री आला. पेडल निघाले. त्यांच्या जागी प्रत्येक प्रेसवर दोन बटणं बसली, हातभर अंतरावर, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच झाकण खाली येणार. हात बाहेर असल्याशिवाय दाबताच येणार नाहीत. त्यानंतर त्या हॉलमध्ये कुणाचा हात भाजला नाही. आई परत कामाला लागली, आणि मॅनेजरसाहेबांनी मेहेरबानी केली असं साहेबांनीच गावभर सांगितलं.

थोरली एकोणीस वर्षांची झाली तेव्हा एकदा रडत आईला म्हणाली होती, मी जाऊन सगळ्यांना सांगते. आई भाकरी भाजत नव्हती, देव पूजत नव्हती, तुम्हाला वाटेल तसलं काही करत नव्हती. ती गल्लीतल्या शाळेच्या झोपाळ्याची कडी तपासून आली होती आणि झिजलेल्या कडीवरून शाळेशी भांडून तिनं घसा बसवून घेतला होता.

"सांगशील तर ते खुशीत घरी जातील," आई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "त्यांना नाव हवंय. नाव मिळालं की प्रश्न मिटला. मी आहे तोवर माझा प्रश्न खराब करू नकोस. मग तुझं तू बघ."

"पण चूक माझी होती ना गं, आई?"

"सात वर्षांच्या पायानं खाली येतं ते झाकण, त्याला तू काय करणार? चूक झालीच असेल तर मी तुला तिथं उभं केलं ही. ती मी हातावर घेतलीय. तू परत घेऊ नकोस, घट्ट बसलीय."

थोरलीनं तेव्हापासून तोंड मिटलं. पण शिवणयंत्र तिनं कधी चालवलं नाही. पायाखाली हलणारी कुठलीही वस्तू तिला सोसत नसे.

आई गेली, म्हणजे आता तिचं तिनं बघायचं होतं. सभागृहातून घरी जाताना तिनं दोन्ही बाजू तोलल्या. सांगावं, तर साठाव्या वर्षी भावासमोर, भाचीसमोर, साऱ्या गावासमोर उभं राहून म्हणावं लागणार की हा हात मी भाजला. धाकटा पाचवीपर्यंत भाजकीचा म्हणवून घेत रडला, तो माझ्यामुळे. सांगू नये, तर उद्या चार वाजता आई त्या भिंतीवर गुळगुळीत हातानं बसणार, सोशिक म्हणवून घेणार, आणि तो मॅनेजर तिच्यावर फुलं टाकणार. थोरलीला दोन्हींची भीती वाटली. पण दुसऱ्याचा भीतीपेक्षा राग जास्त आला, आणि रागानं निकाल लावला. तिनं चिमणीला फोन केला.

रविवारी पावणेचारला चिमणी धापा टाकत आली. झेरॉक्सच्या दुकानात मूळ फोटो मोठा करून घेतला होता, पण तिथलं मशीन लहान, म्हणून आई चार कागदांत आली होती. आत्या-भाचींनी सभागृहाच्या मागच्या बाकावर ते कागद चिकटपट्टीनं जोडले. जोड नेमका आईच्या नाकावरून गेला आणि एक खांदा जरा वर सरकला. पण डावा हात एका कागदावर अख्खा होता, बाही वर.

"आजी चिडलेली दिसतेय," चिमणी म्हणाली.

"तशीच दिसायची."

"बाबा काय म्हणतील?"

"तुझा बाप माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे," थोरली म्हणाली, आणि जाऊन, भावानं दुकानातून आणून फळ्याशेजारी टांगलेल्या काचेच्या चौकटीवर तो जोडलेला कागद चिकटवून आली. हेडमास्तरनं पाहिलं. पण तोवर पन्नास-साठ माणसं बसली होती, आणि पाहुणे दारात आले होते. तो त्यांना घ्यायला दाराकडे वळला.

मॅनेजर काठी टेकत आला. उजव्या कानानं त्याला कमी ऐकू यायचं आणि डाव्या कानानं नको ते ऐकू यायचं नाही. पहिल्या रांगेत लाँड्रीतल्या जुन्या बायका होत्या, मध्यभागी तोफमावशी, ऐंशी पार, आवाज शाबूत. तिनं फोटोकडे पाहिलं आणि म्हणाली, "हां. ही ती." कुजबुजायचं तिच्या मनात होतं, पण शेवटच्या रांगेनंही ऐकलं.

हेडमास्तर बोलला. चांगलं बोलला. मुलांसाठी झिजली, नातवंडांची दुखणी काढली, सोशिक होती. 'सोशिक' म्हणताना त्याची नजर कागदावरच्या हाताकडे गेली आणि पुढचं वाक्य सापडायला त्याला थोडा वेळ लागला. मग मॅनेजर उठला.

"बाई कामाला चोख," तो म्हणाला. "अपघात झाला. त्यात चूक तिची स्वतःची होती, आता हे बोलायला हरकत नाही, आपलीच माणसं आहोत. पण आम्ही माणुसकी सोडली नाही. परत घेतलं. आणि तिनंही पुन्हा कधी तक्रार केली नाही, हा तिचा मोठेपणा."

तोफमावशीच्या नाकातून असा आवाज निघाला की शेजारच्या दोघी वळल्या. पण उठली ती थोरली.

"चूक तिची नव्हती," ती म्हणाली. मग ती आणखी मोठ्यानं बोलली. "पेडल मी दाबला होता. मी सात वर्षांची होते. मावशी तापानं घरी होती. दुसरी बाई मागितली, दिली नाही. आईनं मला पेडलवर उभं केलं. पन्नास चादरी मी बरोबर दाबल्या. एकावन्नावीला तिचा हात आत होता आणि मी दाबला. तिनं मला गाठोड्यांमागे लपवलं आणि मगच ओरडली. त्रेपन्न वर्षं तिनं कुणाला माझं नाव सांगितलं नाही. तिला सोशिक म्हणू नका. ती सोसत नव्हती, ती राखत होती. मला राखलं, ह्याला राखलं, मागून आलेल्या सगळ्या बायकांचे हात राखले. आणि तो हात तिनं कुठं लपवला नाही. लग्नाकार्यात, थंडीत, सगळीकडे वर बाही. तुम्ही तो पुसू नका. मी भाजलाय तो. माझा अधिकार आहे सांगायचा."

ती बसली. बसल्यावर तिला कळलं की आपण रडतोय. तोफमावशीनं मागे हात करून तिचा गुडघा धरला, आणि तोच दुखरा गुडघा निघाला, पण तिनं तो काढून घेतला नाही. भावाकडे बघायचा तिला धीर होईना.

मॅनेजर अजून उभाच होता. हे मात्र त्याला दोन्ही कानांनी ऐकू आलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर एखादं जुनं कोडं सुटल्याचं समाधान उमटलं.

"म्हणजे पोरीनं दाबला," तो म्हणाला. "हेच मी तेव्हा विचारत होतो. तिनं तेव्हाच सांगितलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. म्हणजे चूक या पोरीची—"

"साहेब."

हेडमास्तर बोलला होता. तो फळ्याजवळ उभा होता आणि हातातल्या भाषणाच्या कागदाची त्यानं चौकोनी घडी घातली होती. त्यानं बहिणीकडे पाहिलं नाही. चौथीतल्या उनाड पोराकडे पाहावं तसं तो मॅनेजरकडे पाहत होता.

"माझी बहीण सात वर्षांची होती. पेडल कुणी दाबला ते सोडा. माझ्या आईचा हात आत असताना झाकण खाली आलंच कसं?"

मॅनेजरनं कानामागे हात धरला. "काय म्हणालात? नीट ऐकू आलं नाही."

"हरकत नाही," हेडमास्तर म्हणाला. "लिहून देतो."

त्यानं डस्टर घेतला. प्रेमळ आई, आजी आणि दोन फुलं, सगळं एका दमात पुसलं. आणि फळा भरून, पहिलीच्या मुलालाही वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं:

हात आत असताना झाकण खाली आलं कसं?

खाली एक रेघ ओढली, 'उत्तर' असं लिहिलं, आणि खडू हातात धरून तो वळला. हेडमास्तरला उत्तराची वाट बघत उभं राहायची तीस वर्षांची सवय होती. मॅनेजर फळा वाचत होता, मग फळ्याशेजारच्या फोटोतली ती चिडलेली बाई, मग पुन्हा फळा. काठीवर त्याचे दोन्ही हात एकमेकांवर ठेवलेले होते, गोरे, डाग नसलेले.

"जाळी होती," तो शेवटी म्हणाला. आवाज म्हाताऱ्याचा झाला होता. "प्रत्येक प्रेसला. जाळीला हात लागला की झाकण थांबायचं. जाळीमुळे काम हळू व्हायचं. दिवसाला चाळीस चादरी कमी निघायच्या."

"मग?"

"मग काढली."

"कुणी?"

मॅनेजरनं फळ्यावरच्या 'उत्तर' या शब्दाकडे पाहिलं. "मी," तो म्हणाला.

हेडमास्तरनं वळून ते लिहिलं. 'जाळी काढली होती.' पुढे कुणी काढली तेही लिहिलं. अक्षर तेच वळणदार, पण खडू दोनदा मोडला. लिहून झाल्यावर तो खाली आला, थोरलीशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला आणि समोर बघत म्हणाला, "मला एकदा सांगायचंस गं."

"प्रश्न खराब झाला असता."

त्यानं मान हलवली. थोड्या वेळानं त्यानं आपली डावी बाही वर दुमडली. पुढच्या रांगेतल्या बायकांच्या बाह्या त्याच्या आधीच वर गेल्या होत्या, तोफमावशीची तर ती घरून निघाली तेव्हापासूनच.

कार्यक्रम संपला. हेडमास्तर माणसांत अडकला होता, म्हणून पाहुण्याला गाडीपर्यंत सोडायला थोरली गेली. आलेल्या म्हाताऱ्या माणसाला दारातून एकटं काढून देणं आईला आवडलं नसतं. मॅनेजर कसाबसा मागच्या सीटवर बसला. काठी आत घेतली. आधारासाठी डावा हात दाराच्या चौकटीवर तसाच ठेवला होता, बोटं बाहेर.

थोरलीनं दाराला हात घातला आणि ती थांबली. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. पायऱ्यांवर तोफमावशी आणि चिमणी उभ्या होत्या.

"हात," थोरली म्हणाली.

मॅनेजरनं बोटांकडे पाहिलं. हात आत घेतला, मांडीवर ठेवला. तरी तिनं दार लावलं नाही. गाडी तशीच, दार तसंच उघडं, आणि ती तशीच दार धरून उभी.

"म्हणा की साहेब!" पायऱ्यांवरून तोफमावशी गरजली. "आम्ही तीस वर्षं म्हटलंय!"

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. आपल्या दोन्ही हातांकडे बघत तो पुटपुटला, "सुटले."

"ऐकू आलं नाही," थोरली म्हणाली.

"सुटले," तो मोठ्यानं म्हणाला.

मग तिनं दार लावलं.